घराच्या मागे वाघजाई असताना

“घराच्या मागे वाघजाईची राई असताना तू त्या गोऱ्यांच्या चेटकीण-पंथात कशाला शिरलीस?” हा प्रश्न मला विक्का पंथात आल्यापासून विचारला जातो. मामेबहिणीने तो लग्नाच्या पंगतीत विचारला, इथे इंग्लंडमधल्या एका काकांनी गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात असताना विचारला आणि आता तुम्हीही विचारलात. गंमत म्हणजे आमच्या कव्हनमधली, म्हणजे एकत्र विधी करणाऱ्या छोट्या गटातली, इंग्रज मंडळी हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात: कालीच्या देशातून आलेल्या बाईने आमच्याकडून काय शिकायचे? दोन्ही बाजूंना मी आजवर हसून टाळत आले.

पुरातनपणाच्या नावाखाली मला कोणीतरी फसवले, अशी शंका असेल तर ती आधी दूर करते. मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या जेराल्ड गार्डनरने 1954 साली पुस्तक लिहून हा पंथ लोकांसमोर आणला, त्यातल्या विधींचा सर्वांत सुंदर भाग डोरीन व्हॅलिएंटे या बाईने लिहिला, आणि अश्मयुगापासून अखंड चालत आलेल्या परंपरेची कथा टिकणारी नाही हे रोनाल्ड हटन या इतिहासकाराने 1999 मध्ये साधार दाखवून दिले. हे सगळे मला ठाऊक आहे. सुरुवातीला ठाऊक नव्हते, आणि तेव्हा मी चुलत्यांपुढे पाच हजार वर्षांच्या बाता मारल्या होत्या, त्याची आज लाज वाटते. पण माझ्या आजीच्या वयाचा धर्म खोटाच असतो, असे मला वाटत नाही.

मी गेले त्याचे कारण साधे होते. आमच्या राईत वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, पाळीच्या दिवसांत बायकांनी त्या वाटेनेही जायचे नाही, गाऱ्हाणे गुरवाने घालायचे आणि कौलही त्यानेच लावायचा, अशी रीत होती. मी वाघजाईला लांबून ओळखत होते, जशी वडिलांच्या साहेबांना ओळखत होते. 2011 च्या बेल्टेनला, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या आमच्या सणाला, विल्टशरमधल्या एका मैत्रिणीच्या परसात, पायाखाली ओले गवत असताना, मला पूर्वेकडे तोंड करून वायूला हाक मारायला सांगण्यात आले. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते, आणि तोपर्यंत कोणत्याही पूजेत माझ्या वाट्याला ताम्हन धरण्यापलीकडचे काम आले नव्हते. माझा आवाज फुटेना. कोणी घाई केली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर उत्तर चांगले दिसले असते.

2016 साली बलिप्रतिपदा 31 ऑक्टोबरला आली, म्हणजे नेमकी आमच्या सॉविन या सणाच्या दिवशी. गेलेली माणसे त्या रात्री जवळ येतात असे आम्ही मानतो आणि त्यांच्यासाठी पान वाढतो. मी दिवाळीसाठी गावी होते. बाबा जाऊन तीन वर्षे झाली होती, त्यांचे श्राद्ध दरवर्षी चुलतभाऊ करत होता आणि मी, एकुलती एक मुलगी, कधी त्या दिवसांत गावी असलेच तर चुलीपाशी वडे तळत होते. बळी वर्षातून एक दिवस परत येतो तर बाबांनी यायला काय हरकत आहे, असा माझा हिशेब होता. मागच्या अंगणात जांभळाखाली मी मिठाचे रिंगण आखले, चार दिशांना चार पणत्या लावल्या, केळीच्या पानावर घावने आणि बाबांना आवडणारी काळ्या वाटाण्याची उसळ वाढली, आणि काळ्या मुठीच्या सुरीने हवेत वर्तुळ काढले. आई पायरीवर बसून बघत होती. शेवटी तिने विचारले, “झालं का? त्यांना थंड घावनं चालत नसत.” माझ्या आयुष्यातला तो सर्वांत पूर्ण असा विधी होता. गडग्यापलीकडे शेजारची सून तीन महिन्यांच्या बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. मी तिला हात हलवून दाखवला.

आठ दिवसांनी मी स्विंडनला परतले. सुरी आईकडेच ठेवली. नोव्हेंबरात त्या बाळाला ताप आला, झटके आले, त्याला तालुक्याच्या दवाखान्यात ठेवावे लागले आणि पाचव्या दिवशी ते बरे होऊन घरी आले. यातले मला काहीही कळले नाही. आई दर रविवारी फोनवर पावसाबद्दल, आंब्याच्या मोहराबद्दल बोलत राहिली.

पुढच्या मे महिन्यात मी ओटीवर बसले असताना शेजारची सून बाळाला पदराखाली पूर्ण झाकून आमच्या दारावरून भरभर गेली. त्याच क्षणी आई उठली आणि आत गेली. मला वाटले चहा टाकायला गेली. दुसऱ्या दिवशी तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही, आणि मग लक्षात आले की ते मूल दिसले की आई स्वतःची नजर तिथून उचलून आत नेते. आमच्या विहिरीचे पाणी नेणे त्या घराने बंद केले होते. वाडीतल्या दोन बारशांना आईला बोलावणे नव्हते. बाळावर करणी केल्याचा संशय माझ्यावर नव्हता, कारण मी नव्हतेच तिथे. रिंगण मी आखले होते आणि त्यात राहत होती ती.

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू काय करणार होतीस? तुला यायला तिकीट काढावं लागतं.”

मी तिला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल सांगितले, करणी केल्याचा संशय पसरवून एखाद्याचे जगणे अवघड करणे हा त्याखाली गुन्हा आहे हे समजावले. ती म्हणाली, वाडीपुरते आहे ते पोलिसात गेल्यावर तालुकाभर होईल. सुरीचे विचारले तर म्हणाली, “तांदळाच्या डब्यात आहे. तिने काही कापायचं नसतं म्हणालीस ना, म्हणून वापरली नाही.”

इंग्लंडमध्ये 1735 चा विचक्राफ्ट कायदा 1951 साली रद्द झाला. त्यानंतरच गार्डनर उघडपणे लिहू शकला. ग्लॅस्टनबरीच्या दुकानांत आज ‘विच’ लिहिलेले कप मिळतात, आणि असा एक माझ्याकडेही आहे. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण होते, घराबाहेर काढले जाते. हे मी वर्तमानपत्रांत वाचत होते आणि तरीही 2011 मधली मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे की बायकांनी हा शब्द परत मिळवला पाहिजे. तिच्याशी मी अजून भांडते. ती म्हणते, दोष मिठाचा की गावाच्या भीतीचा? मी म्हणते, भीती तिथे आहे हे तुला माहीत होते. ती म्हणते, मग काय बाबांना पान वाढायचेच नव्हते? इथे मला उत्तर सुचत नाही.

“बघ, आम्ही सांगत होतो” असे म्हणण्याची संधी मात्र मी तुम्हाला देणार नाही. मी पंथ सोडलेला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत सुमारे 13,000 जणांनी धर्म म्हणून विक्का लिहिला. मी त्यांच्यात नाही, कारण तो रकाना ऐच्छिक होता आणि मी तासभर त्याच्याकडे बघून पुढे गेले. एव्हबरीच्या प्राचीन शिळा-वर्तुळाजवळचे बीच वृक्ष बघायला जाते तेव्हा पर्समध्ये कात्री असते, कारण निसर्गावर प्रेम करणारी आमची माणसे फांद्यांना नायलॉनच्या फिती बांधून जातात आणि त्या सालीत रुततात. वाघजाईच्या राईत कोणी प्रेमाने जात नाही, आणि तिथले एकही झाड असे जखमी नाही. ही गोष्ट कबूल करायला मला बरीच वर्षे लागली. तरी पाळीच्या दिवसांत त्या वाटेने न जाण्याची अट मला आजही मान्य नाही.

बाबांचे पान आता मी स्विंडनला वाढते, खिडकीचा पडदा ओढून. तो मुलगा मोठा झाला आहे आणि मे महिन्यात गडगा ओलांडून आमच्या जांभळाखाली येतो. आई अजूनही तो दिसला की आत जाते, आणि तो गेल्यावर बाहेर येऊन खालच्या फांदीवर किती जांभळे राहिली ते बघते.