तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅव्हल कार्डाची फी वसूल होते का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, हिंजवडीच्या बसमध्ये लोक मला गाठतात आणि एकच गोष्ट विचारतात: "दहा हजार फीचं ते ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड घेऊ का? वसूल होतं का?" मी उलट विचारते, "वर्षातून विमानाने किती वेळा जाता? घरातले किती जण?" की समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. मी टाळत नाही हो. तुमच्या प्रवासाचे आकडे हाती आल्याशिवाय मला खरंच सांगता येत नाही. म्हणून हिशेबाची रीत एकदा नीट लिहून काढते. आणि ती रीत पाळूनही माझ्याच माणसांच्या बाबतीत काय झालं, तेही लिहिते, कारण ते न सांगता सल्ला देणं मला आता जमत नाही.

आधी फी. कार्ड विकणारा मुलगा फोनवर दहा हजार म्हणतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. हा आकडा कागदाच्या एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला त्याने सांगितलेला एकेक फायदा घ्या आणि स्वतःला विचारा: हे कार्ड नसतं तर यासाठी माझे पैसे गेले असते का? गेले असते तर जितके गेले असते तितकेच लिहा. नसते गेले तर शून्य. पाच हजारांचं हॉटेल व्हाउचर मिळतं, पण त्या हॉटेलात एका रात्रीचं भाडं चौदा हजारांपासून सुरू होतं. तुम्ही महाबळेश्वरला तीन हजारांच्या खोलीत आनंदाने राहणारे असाल, तर व्हाउचर लावूनही नऊ हजार जातात, नेहमीपेक्षा सहा हजार जास्त. ते फायद्याच्या रकान्यात येतच नाही.

यानंतरची पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. नव्या कार्डाची तुलना आज खिशात असलेल्या फुकटच्या कार्डाशी करायची असते. समजा तुमच्या साध्या, बिनफीच्या कार्डावर सरसकट १ टक्का परत मिळतो आणि वर्षाचा खर्च सहा लाख आहे. ते सहा हजार तुम्ही नव्या कार्डासाठी सोडणार. म्हणजे नव्या कार्डाने वर्षाला ११,८०० नव्हे, १७,८०० रुपये कमावून दिले तर कुठे बरोबरी होते. हे सांगितलं की लोक म्हणतात, "तुम्ही फार काटेकोर बघता." पैसे तुमचे आहेत म्हणून बघते.

बरं, ते सहा लाख तरी सगळे धरले जातात का? कार्डाचं मशीन किंवा पेमेंट लिंक ज्या दुकानाची असते, त्या दुकानाला चार आकडी कोड असतो आणि बँक पॉइंट, म्हणजे खर्चावरचं बक्षीस, त्यावरून देते. पेट्रोल पंप ५५४१, घरभाडं ६५१३, कर ९३११, वॉलेटमध्ये पैसे भरणं ६५४०. यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. विम्याचा हप्ता आणि महावितरणचं बिल यांवर एकतर मर्यादा असते किंवा काहीच मिळत नाही. सहा लाखांतले दोन-अडीच लाख असे सहज गळतात. लक्ष्मी रोडवर दुकानदार कार्डाला दोन टक्के जादा मागतो, तिथे तर पॉइंट मिळूनही हातात काही राहत नाही. टूर कंपनीचे पैसे भरताना एक करा: ट्रॅव्हल एजंटचा कोड ४७२२ असतो, पण त्यांनी पाठवलेली लिंक भलत्याच कोडवर असू शकते. आधी बुकिंगचे दोन हजार भरा, त्यावर किती पॉइंट पडले ते ॲपमध्ये बघा, मगच उरलेले दोन लाख त्याच वाटेने भरा.

परदेशातल्या खर्चावर बँक चलनबदलाचा अधिभार लावते. साध्या कार्डावर तो बहुधा साडेतीन टक्के असतो, जीएसटी धरून ४.१३. महागड्या कार्डांवर दोन टक्के, म्हणजे २.३६. तीन लाखांच्या खर्चावर १२,३९० आणि ७,०८०, फरक ५,३१०. आकडा खरा आहे, पण अधिभार अजिबात नसलेली बिनफीची कार्डंही मिळतात, तेव्हा ही बचत दहा हजारांच्या कार्डाच्या नावावर लिहू नका. आणि बँकॉकच्या दुकानात मशीनने "रुपये की बाथ" असं विचारलं तर बाथच दाबा. रुपये दाबलेत की दर दुकानाच्या बाजूचा लागतो आणि तो महाग असतो.

आता लाउंज, म्हणजे विमानतळावरची खाण्यापिण्याची सोय असलेली बसायची जागा. निम्मे लोक कार्ड घेतात ते यासाठीच. लोहगावचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं, पण पुण्याहून थेट परदेशी विमानं अजून बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. लांबच्या प्रवासाला आपण मुंबईच गाठतो. घाटात अडकू या धास्तीने रात्री अडीचच्या विमानाला संध्याकाळी सहालाच गाडी काढतो आणि दहाला विमानतळावर हजर होतो. तेव्हा चेक-इनची खिडकी उघडलेली नसते, आणि बऱ्याच लाउंजमध्ये उड्डाणाआधी तीन तासांपेक्षा लवकर आत घेत नाहीत. पुण्याच्या माणसाची खरी वाट बघण्याची वेळ लाउंजच्या बाहेर, ट्रॉलीला टेकून जाते. हे माहितीपत्रकात कसं येईल?

शिवाय मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच पुढच्या तिमाहीत लाउंज, अशी अट आता अनेक कार्डांवर आहे. देशातल्या लाउंजमध्ये कार्ड दाखवायच्या ऐवजी प्रायॉरिटी पास (लाउंजसाठी कार्डासोबत मिळणारं वेगळं सदस्यत्व) दाखवलात, तर काही कार्डांवर माणशी २७ डॉलर आणि वर कर बिलात येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्स या बँका आणि लाउंज यांच्यातल्या मध्यस्थ कंपनीने देशातली लाउंज सेवा थांबवली. अशी साखळीतली एक कडी सुटली की काल चाललेलं कार्ड आज दारात अडतं. निघायच्या आदल्या दिवशी बँकेची यादी उघडून बघा. आणि एका वेळेची किंमत दीड हजार धरू नका. लाउंज नसता तर तुम्ही बाहेर इडली-कॉफीवर जे चारशे खर्च केले असते, तेवढेच धरा.

थकबाकी ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: एकदा जरी "किमान रक्कम" भरून महिना ढकललात, तर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाचं ४२ टक्के, त्यावर जीएसटी, आणि नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज. ही सवय असेल तर कुठलंच फीचं कार्ड घेऊ नका.

आता पॉइंट, आणि माझ्या मावसभावाची गोष्ट.

कर्वेनगरला राहतो. त्याची धाकटी बहीण दुबईला. तिला बाळ होणार होतं, आणि मावशी-काकांना दुबईला न्यायचं दोन वर्षं आधीच ठरलं होतं. हे दोघं नवरा-बायको आणि ते दोघं, चार तिकिटं. त्याच सुमारास त्याने घराचं काम काढलं होतं, खर्च मोठा होणार होता. कार्ड घे असं त्याला मीच सांगितलं. त्या कार्डावर विमान-हॉटेलच्या शंभर रुपयांना ५ पॉइंट, बाकी सगळ्याला २. दोन वर्षांत प्रवासावर चार लाख झाले, त्याचे २०,०००. फर्निचर, ओटा, फरश्या, किराणा मिळून चौदा लाख, त्याचे २८,०००. कार्ड घेतल्याचे आणि खर्चाचे टप्पे गाठल्याचे मिळून १२,०००. एकूण ६०,०००. एका पॉइंटचा विमान कंपनीचा एक मैल होत होता (मैल म्हणजे ज्यावर ती कंपनी तिकीट देते ते तिचे पॉइंट), आणि दुबईला एका बाजूने माणशी १५,००० मैल लागत होते. चौघांचं जाणं बरोब्बर बसत होतं. येणं रोखीने काढायचं.

त्याने पॉइंट आधीच मैलांत बदलायचं म्हटलं, तेव्हा मी अडवलं. "जागा दिसल्याशिवाय मैल हलवू नकोस," हे माझे शब्द. कारण सांगितलं तेही खरं होतं. एकदा हलवलेले मैल परत पॉइंट होत नाहीत, आणि मैलांना मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरसारख्या योजनेत ती ३६ महिने आहे. मैलांच्या जागा विमानात मोजक्याच असतात. त्या मिळाल्या नाहीत तर साठ हजार मैल नुसते पडून राहणार. या विषयातला कुणीही जाणकार हेच सांगेल.

एका बुधवारी रात्री तो लॅपटॉप घेऊन घरी आला. आम्हाला हव्या होत्या त्या तारखेच्या चार जागा समोर दिसत होत्या. बँकेचं पान उघडलं, ६०,००० टाकले. खालच्या चौकटीत ३०,००० उमटले. त्याने खोडून परत टाकले. परत ३०,०००. मला वाटलं, चुकीची विमान कंपनी निवडली. बघितलं, तीच होती. मग त्याने मेलमध्ये बँकेचं नाव शोधलं. जाहिरातींच्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलच्या दोन मेलच्या मधोमध, पाच आठवड्यांपूर्वीचं पत्र होतं: अमुक तारखेपासून दोन पॉइंटांचा एक मैल. ती तारीख उलटून आठ दिवस झाले होते. बँकेने पूर्वसूचना दिली नव्हती असं म्हणता येत नव्हतं. ग्राहक सेवेला फोन केला तर तिथल्या मुलीने तेच पत्र शांतपणे वाचून दाखवलं.

"ताई, निम्मे झाले गं," एवढंच म्हणाला. माझ्या सल्ल्याचं नाव त्याने तेव्हाही काढलं नाही आणि नंतरही नाही.

तीस हजारांत मावशी-काकांची तिकिटं काढली. उरलेली दोन रोखीने, प्रत्येकी २२,०००. मैलांच्या तिकिटांवरही माणशी पाच हजार कर भरावा लागला, कारण मैलांनी फक्त भाडं फिटतं, कर फिटत नाही.

तो गेल्यावर मी हिशेब मांडला. मैलांनी वाचले दोन तिकिटांवरचे ३४,०००. दोन वर्षांची फी २३,६००. निव्वळ १०,४००. तेच अठरा लाख त्याच्या जुन्या फुकटच्या कार्डावर केले असते तर १८,००० परत मिळाले असते, तेही नगद. जुना दर राहता तर ६८,००० वाचले असते आणि निव्वळ ४४,४०० हाती पडले असते. तेच कार्ड, तोच खर्च, मधे फक्त एक पत्र.

पुढचे चार महिने मी स्वतःलाही आणि विचारणाऱ्यांनाही सांगत होते की माझा सल्ला बरोबरच होता, बँक बदलली त्याला मी काय करणार. आजही तो सल्ला तांत्रिकदृष्ट्या चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण मी अर्धंच सांगितलं होतं. मैल हलवले तर मुदतीचा धोका, हे सांगितलं. न हलवता ठेवले तर त्यांचा भाव बँकेच्या हातात, जेमतेम महिन्याभराच्या सूचनेवर, हे सांगितलं नाही. कारण मी स्वतः ते पॉइंट बँकेतल्या पैशांसारखे धरत होते. आधीची मी लोकांना "एका पॉइंटचा रुपया धरा" म्हणून मोकळी होत असे. त्या रुपयाचे मावसभावाला ५७ पैसे मिळाले.

आता मी पॉइंटची किंमत आजच्या चांगल्यात चांगल्या दराच्या निम्मी धरते, आणि येत्या वर्षभरातल्या एका ठरलेल्या प्रवासाला लागतील तेवढेच साठवायला सांगते. जागा आधी बघायच्या की मैल आधी हलवायचे? प्रवास सहा महिन्यांच्या आत असेल तर हलवा म्हणते, पण हे सांगताना मला पूर्वीसारखी खात्री वाटत नाही. निम्म्या भावाने हिशेब केला तर वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्या चौकोनी कुटुंबाला हे कार्ड क्वचितच परवडतं. मग मी सरळ "घेऊ नका" का सांगत नाही, असं तुम्ही विचाराल.

दुबईला निघाले त्या रात्री मुंबईला मावशीचे गुडघे धरले होते. साडेअकराला लाउंजमध्ये शिरल्यावर तिला रुंद खुर्ची मिळाली, पाय वर घेता आले, गरम उपमा मिळाला, काकांना गोळी घ्यायला कोमट पाणी मिळालं. तिने दुबईहून पहिल्या फोनवर नातवाच्या आधी या खुर्चीचं सांगितलं. माझ्या रीतीने याची किंमत चारशे रुपये. मी चारशेच लिहिते, आणि दर वेळी तिथे हात अडखळतो.

ज्यांच्याकडे कार्ड आहे त्यांनी कार्डाचं वर्ष भरायच्या महिनाभर आधी हिशेबाचा कागद काढावा. फी माफ होते का, निदान काही पॉइंट देता का, असं फोन करून विचारावं; पुष्कळदा काहीतरी देतात. बंदच करायचं ठरलं तर आधी सगळे पॉइंट वापरा, कारण कार्डाबरोबर तेही जातात. मग बाकी शून्य करून लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने तुम्हाला ५०० रुपये द्यायचे असतात.

मावसभावाच्या कार्डाचं वर्ष फेब्रुवारीत भरतंय. मे महिन्यात मावशी-काका पुन्हा दुबईला जायचं म्हणताहेत, या खेपेला दोघंच. कार्ड ठेवू की बंद करू, असं त्याने परवा विचारलं. रविवारी तो दोन वर्षांची स्टेटमेंटं घेऊन येणार आहे.