अठ्ठेचाळीस तासांत ऐकायचं काय?

रविवार, रात्री

अखंड पाठाबद्दल, म्हणजे शिखांचा धर्मग्रंथ गुरू ग्रंथ साहिब न थांबता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याबद्दल, मनात साचलेलं आज लिहून ठेवायचं आहे. घरात लग्न, वास्तू, आजारपण, मृत्यू, काहीही असो, पाठ ठेवला जातो. मग सगळी धावपळ लंगरच्या (सामूहिक जेवणाच्या) भाज्या आणि पाहुण्यांच्या गाद्यांभोवती फिरते. गुरू ग्रंथ साहिबांसमोर पाठी, म्हणजे पाठ करणारा, एकटाच वाचत असतो. हे मला खरंच सलतं.

हिशोब साधा आहे. १४३० अंग, म्हणजे ग्रंथाची पानं, आणि सुमारे ४८ तास. म्हणजे तासाला तीस अंग, एका अंगाला दोन मिनिटं. शुद्ध, स्पष्ट वाचायला हा वेग पुरतो, पण थोडंही मागे पडायला जागा उरत नाही. पहिल्या रात्री मागे पडलेला पाठ मग दुसऱ्या रात्री रेटून भरून काढतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. ऐकणाऱ्याला कळणार नाही इतक्या वेगाने वाचणं हा बाणीचा (ग्रंथातल्या वचनांचा) अनादर आहे, असं रहत मर्यादा ही शिखांची आचारसंहिता स्पष्ट सांगते. वाचन शक्यतो कुटुंबातल्या आणि जवळच्या माणसांनी करावं, ते जमत नसेल तर निदान बसून ऐकावं, हेही तिथेच आहे. कुंभ, नारळ, तुपाचा दिवा यांना तर तिने मनमतच (गुरूंची नव्हे, स्वतःच्या मनाची रीत) ठरवलं आहे. तरी हौसेने मांडतात.

पाळ्या साधारण दोन-दोन तासांच्या, म्हणजे एकूण चोवीस. पुढचा पाठी हात धुऊन आधीच शेजारी येऊन बसतो, चालू ओळीवर नजर ठेवतो आणि आधीच्याच्या आवाजात आवाज मिसळून ओळ उचलतो. मगच पहिला उठतो. चुकतं ते पहाटे दोन ते चारच्या पाळीत. पुढचा उशिरा उठतो, आधीचा तीन तास ताणतो, आणि थकल्या डोळ्यांनी वाचताना ओळ सुटते. म्हणून त्या वेळेसाठी एक जादा पाठी आणि घरातलं एक जागं माणूस हवंच.

देवनागरी प्रतीतून वाचणाऱ्या मराठी माणसाने एक जपावं: ‘नामु’मधला शेवटचा उकार व्याकरणापुरता आहे, तो ठासून उच्चारत नाहीत.

सगळे ४८ तास बसणं कुणालाच शक्य नसतं. मग वेळ निवडून या. आपल्या नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, या ग्रंथात १८ रागांत विखुरलेले आहेत. पाठ सकाळी आठला सुरू झाला तर गौडी रागातला त्यांचा पहिला शबद, अंग ३४५, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास येतो. गोंड रागातले, अंग ८७३ पासूनचे, दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाच्या आसपास. भैरउ, अंग ११६३, रात्री अकराला. आणि प्रभाती रागातले, अंग १३५०, तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचच्या आत. प्रभाती त्याच प्रहरी कानी पडते! आठाच्या सुरुवातीचा हा योग कुणी चुकवू नये असं मला वाटतं. पंजाबात घुमाणला नामदेवांचं स्मरण होतं आणि नांदेडला हजूर साहिब गुरुद्वारा आहे. या दोन टोकांमधला माणूस या शबदांना परका कसा राहील?

ज्यांच्या घरी ऐकायला माणसंच नाहीत, त्यांनी सहज पाठ ठेवावा. त्याला मुदत नाही. रोज पाच अंग वाचले तर २८६ दिवसांत पूर्ण होतो, आणि स्वतः वाचलेलं असतं.

शेवटच्या तासाची मात्र तयारी लागते. भोगाआधी, म्हणजे पाठाच्या समाप्तीआधी, नवव्या गुरूंचे ५७ सलोक (श्लोक) येतात. ते सुरू झाल्यावर कढई चढवली तर कडाह प्रसाद (कणकेचा शिरा) वेळेत होत नाही. साधारण अंग १४०० ला चुलीशी जावं. कणीक, तूप, साखर समान वजनात. मंद आचेवर कणीक तांबूस होऊन तूप सुटेपर्यंत भाजायची, मगच साखरेचं गरम पाणी. आच मोठी केली की वरून रंग येतो आणि आत कच्चट चव राहते. मुंदावणी या समारोपाच्या रचनेवर थांबायचं की ग्रंथाच्या अखेरची रागमालाही वाचायची, हे तिथल्या संगतीच्या (भाविकांच्या) रीतीप्रमाणे. त्यानंतर आनंद साहिब ही बाणी, अरदास (प्रार्थना), हुकमनामा (ग्रंथ उघडून वाचलेलं वचन) आणि प्रसाद.