ऑनलाइन कोर्स बनवताय? आधी टेस्ट लिहा

कोर्स करायचा ठरला की बहुतेक जण आधी पॉवरपॉइंट उघडून बसतात, आणि माझ्या मते गाडी तिथेच चुकते. स्लाइड्समध्ये येतं ते आपल्याला काय सांगायचंय, समोरच्याला शेवटी काय करता यायला हवं ते राहूनच जातं. म्हणून मी आधी शेवटची टेस्ट लिहितो. 'तक्रार हाताळण्याची प्रक्रिया समजेल' असलं काही नाही, 'चिडलेल्या ग्राहकाचा मेल आलाय, उत्तर लिहा' असं. मग ज्या माहितीशिवायही टेस्ट सुटते ती माहिती सरळ काढायची. विषयातले तज्ज्ञ कुरकुर करतात, त्यांना म्हणायचं वेगळी पीडीएफ देऊ.

सगळ्यात जास्त वेळ प्रश्नांना द्या, खरंच. चुकीचे पर्याय मनाने रचू नका, ते काम रोज करणाऱ्याला विचारा की नवीन माणूस इथे हमखास काय घोळ घालतो, त्या घोळातूनच पर्याय मिळतात. आणि उत्तर चुकलं तर नुसतं 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' काय कामाचं? असं केलं तर पुढे काय बिघडेल ते सांगा ना, शिकणं तिथेच होतं. 'वरीलपैकी सर्व' हा पर्याय तर मी कधीच ठेवत नाही.

प्रश्न फक्त शेवटी नकोत, अधेमधे हवेत, आणि चौथ्या भागात पहिल्या भागातला एखादा परत यायला हवा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे, उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवत होतं, पण आठवड्याने बघितलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते.

व्हिडिओ छोटे ठेवा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ सेशन्सचा अभ्यास २०१४ मध्ये आला होता, व्हिडिओ कितीही लांब असो, साधारण सहा मिनिटांच्या पुढे लोक फारसे टिकत नव्हते. पैसे कॅमेऱ्यापेक्षा माइकवर घाला. स्क्रीनवरचा मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवू नका, पण सबटायटल्स बंद-चालू करता येतील असे द्याच, ऐकू न येणाऱ्यांना तर ते लागतातच.

तांत्रिक भागात एकच कळकळीने सांगतो, एक स्लाइड नि एक प्रश्न एवढाच डमी कोर्स पहिल्याच दिवशी एलएमएसवर (जिथे लोक कोर्स करतात आणि त्यांची नोंद राहते ती प्रणाली) चढवून बघा, मार्क नोंदले जातायत का, मधेच बंद करून परत उघडला तर तिथूनच सुरू होतो का. कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात तिला स्कॉर्म म्हणतात. तिच्या १.२ या आवृत्तीत 'कुठपर्यंत आलो' ही माहिती साठवायला फक्त ४०९६ अक्षरांची जागा असते, लांबलचक कोर्समध्ये ती भरते आणि माणूस परत पहिल्या स्लाइडवर. त्यामुळे भाग लहान करा, किंवा एलएमएस घेत असेल तर स्कॉर्म २००४ ची चौथी आवृत्ती वापरा, तिथे ६४,००० मिळतात.

आणि सगळ्यांना पाठवायच्या आधी दोन-तीन जणांना तो कोर्स आपल्यासमोर करायला लावा. शेजारी बसा, मदत करू नका, फक्त कुठे अडखळतात ते लिहून घ्या.