शाखा मार्गाचं मॉडेल: गोळा हातात आला तरच करंट

रूळ टाकून आणि खडी चिकटवून बरेच दिवस झाले होते. आता फळीखालचं काम बऱ्यापैकी मार्गी लागलंय, म्हणजे वीजपुरवठा आणि सिग्नलिंग. फोटोत दाखवण्यासारखं यात काही नाही, पण आपल्यातल्या ज्यांना तारांमध्ये डोकं घालायला आवडतं त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी थोडी ओळख. मॉडेल एचओ स्केलचं, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. एका टोकाला जंक्शनचा एक फलाट. दुसऱ्या टोकाला शाखेचं शेवटचं स्टेशन, तिथे इंजिन पुढून मागे घ्यायला एक लूप आणि मालधक्क्याची एक सायडिंग. मधे भिंतीच्या कडेने जाणारी नऊएक मीटरची एकेरी लाइन. काळ वाफेच्या इंजिनांचा. गाड्या साध्या १२ व्होल्ट डीसीवर चालतात. डीसीसी, म्हणजे डिजिटल आदेशांनी गाड्या चालवायची पद्धत, का नाही, हे विचारणारे विचारतीलच. डीसीसीत रुळांत कायम वीज असते, आणि मला नेमकं तेच नको होतं.

जुन्या शाखा मार्गावर वीज किती होती ते आठवून बघा. इंजिन कोळशावर. सिग्नलचे हात लीव्हर आणि तारेने ओढायचे. सिग्नलचे दिवे रॉकेलचे, एकदा भरले की आठवडाभर जळणारे. सगळ्या स्टेशनात वीज म्हणावी तर मास्तरांच्या खोलीतल्या कपाटातले काही सेल, आणि तेही फक्त घंटा आणि टोकन यंत्रासाठी (टोकन म्हणजे एकेरी लाइनवर जायची परवानगी म्हणून ड्रायव्हरकडे द्यायची वस्तू; माझ्याकडे तो गोळा). ही वीज गाडी ओढत नव्हती, गाडीला परवानगी देत होती. मॉडेलमध्ये आपण बरोबर उलटं करतो: रुळांना भरपूर वीज देतो आणि सिग्नल शोभेला उभे करतो. मी ठरवलं, परवानगीचा पुरवठा वेगळा ठेवायचा आणि गाडीच्या पुरवठ्याची चावी त्याच्या हातात द्यायची. पुढचं सगळं वायरिंग या एका निर्णयातून आलंय.

सेलवरून आठवलं म्हणून थोडं विषयांतर. घंटा आणि टोकन यंत्रांना बहुतेक ठिकाणी लेक्लांशे सेल असत: काचेच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात जस्ताची कांडी, आणि सच्छिद्र मातीच्या भांड्यात मँगनीज डायऑक्साइडमध्ये ठासलेला कार्बन. व्होल्टेज दीडच्या आसपास. सतत करंट काढला तर हा सेल लवकर दमतो, विश्रांती मिळाली की पुन्हा उभा राहतो. दिवसातून मोजक्या गाड्यांसाठी घंटा वाजवायला अगदी योग्य. ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळांतून करंट सोडून गाडी आहे की नाही ते ओळखणाऱ्या सर्किटला, मात्र तो चालत नाही, कारण तिथे करंट अखंड लागतो. १८७२ मध्ये अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी जे बंद ट्रॅक सर्किट आणलं, तशा कामासाठी मोरचुदाचे, म्हणजे डॅनियल जातीचे ग्रॅव्हिटी सेल वापरले जात. त्यांचं उलटं असतं, चालू राहिले तरच ठीक राहतात. म्हणजे कुठली वीज कुठल्या कामाला हा विचार तेव्हाही होता. आपण एका अडॅप्टरवर सगळं लटकवतो, त्यापेक्षा तो जास्त शहाणपणाचा होता असं माझं मत.

तर पुरवठे चार. दोन्ही टोकांच्या कंट्रोलरांना स्वतंत्र अडॅप्टर, कारण परतीची तार समाईक ठेवली आहे. समाईक परतीवर दोन कंट्रोलर एकाच सप्लायवरून चालवले, की एकाने गाडी पुढे आणि दुसऱ्याने मागे घेताच सरळ शॉर्ट होतो. तिसरा पुरवठा सांध्यांच्या, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या रुळांच्या, मोटरांना २४ व्होल्टचा. चौथा १२ व्होल्टचा, रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), टोकन यंत्रं आणि सिग्नलसाठी. २३० व्होल्ट फळीखाली कुठेही येत नाहीत. तयार, बंद अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच राहतात.

सांध्यांचं थोडक्यात. सोलेनॉइड मोटर (करंट मिळाला की गाभा झटक्यात ओढणारी कॉइल), कॉइलचा रोध साधारण ४ ओहम, म्हणजे २४ व्होल्टला क्षणभर ६ अँपिअर. ते थेट सप्लायवर न टाकता ४७०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर भरून एका झटक्यात रिकामा करायचा. फायदा असा की बटण अडकून राहिलं तरी कॉइल जळत नाही, कपॅसिटर एकदा रिता झाला की विषय संपला. हे सगळ्यांना ठाऊक आहे, पुढे जातो.

रुळांच्या पुरवठ्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची मुख्य तार फळीखालून टोकापासून टोकापर्यंत नेली आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक लोंबती तार खालून डाग देऊन जोडली. फिशप्लेटवर (रुळांच्या जोडपट्टीवर) भरवसा नाही, त्या आज करंट देतात आणि पावसाळ्यानंतर देत नाहीत. दीड चौरसची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.०११५ ओहम, जाऊन-येऊन १८ मीटरला ०.२ ओहम. अर्धा अँपिअर खाणाऱ्या इंजिनाला त्यात फक्त ०.१ व्होल्ट कमी मिळतात. हेच ०.२ चौरसच्या बारीक तारेत पाऊण व्होल्टच्या वर जातं, आणि लांबच्या टोकाला इंजिन दमल्यासारखं चालतं. शॉर्टसाठी प्रत्येक कंट्रोलरच्या वाटेत मोटारीचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब. थंड असताना त्याचा रोध नगण्य. गाडी घसरून चाकं आडवी आली की बल्ब पेटतो, करंट पावणेदोन अँपिअरवर अडतो आणि कुठल्या टोकाला गडबड आहे तेही दिसतं.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते टोकन यंत्र.

एकेरी लाइनवर समोरासमोर गाड्या येण्याची भीती सगळ्यात मोठी. इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प इथे १० सप्टेंबर १८७४ ला तारेवरच्या निरोपांच्या घोळातून दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये टॅब्लेट यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे वेब आणि थॉम्पसन यांचं दांड्याचं यंत्र आलं. आपल्याकडे ओळखीचं ते नीलचं गोळ्याचं यंत्र, पोलादी गोळा आणि तो ठेवायची मोठ्या कड्याची चामडी पिशवी. तपशील वेगळे, गाभा एकच: एका सेक्शनचं, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या लाइनीचं, एका वेळी एकच टोकन बाहेर, आणि ते काढायला पलीकडच्या मास्तरांची संमती हवी.

मी यंत्र दिसायला नीलसारखं केलंय, पण आतलं तर्कशास्त्र दांड्याच्या यंत्राकडून घेतलंय, कारण ते दोन स्विचांत बसतं. दोन्ही यंत्रांतले मिळून गोळे सम संख्येत असतील तरच कुलूप उघडतं. एक बाहेर गेला की संख्या विषम आणि दोन्हीकडची यंत्रं बंद. हे मोजायला मोजणी करावी लागत नाही. जिन्याच्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं, कुठलंही दाबलं की दिव्याची स्थिती बदलते. तसंच इथे. गोळा आत वा बाहेर जाताना त्या यंत्रातला दुहेरी स्विच एकदा उलटा होतो. जंक्शनला गोळा काढला की स्विच उलटला, दोन टोकं जुळेनाशी झाली. तोच गोळा पलीकडे टाकला की पलीकडचा स्विच उलटला आणि पुन्हा जुळली. काढलेला गोळा तिथेच परत टाकला तरी जुळतात. खऱ्या यंत्रांनी हे काम एकाच तारेवर, करंटची दिशा पालटून आणि परतीला जमीन वापरून केलं. मी सरळ सहा तारांची केबल टाकली. तारा वाचवायला मला मैलोन्‌मैल खांब उभे करायचे नव्हते.

गोळे म्हणजे १६ मिलिमीटरचे बेअरिंगचे पोलादी गोळे. पितळी नळीत उतरत्या रांगेत राहतात आणि खाली सोलेनॉइडची खिटी त्यांना अडवते. गोळा मागायचा म्हणजे आधी घंटा. पलीकडचा घंटेने उत्तर देतो आणि आपल्या यंत्राची कळ दाबून धरतो. त्याने दाबलेलं असेपर्यंत इकडचा मध्य-शून्य मीटर एका बाजूला झुकलेला दिसतो. तेवढ्यात मूठ फिरवायची. खिटी मागे सरकते, स्विच खटकन उलटतो, मीटरचा काटा लगेच शून्यावर येतो आणि गोळा तळहातावर पडतो. काटा शून्यावर आल्यावर मूठ कितीही फिरवा, दुसरा गोळा येत नाही. पाहुण्या मुलांनी हे पुरतं तपासून बघितलंय.

गोळ्याचं पुढे काय? प्रत्येक कंट्रोलरच्या डोक्यावर एक पितळी वाटी आहे, मधोमध चिरलेली. गोळा वाटीत ठेवला की दोन अर्ध्या वाट्या जोडल्या जातात, सेक्शनचा रिले उचलला जातो आणि मधली लाइन त्या कंट्रोलरला मिळते. गोळा वाटीत नाही तर मधल्या लाइनीत करंट नाही. गोळ्यातून जातो तो फक्त रिलेचा ३० मिलिअँपिअर, इंजिनाचा करंट रिलेच्या कॉन्टॅक्टमधून जातो. याच रिलेच्या वाटेत यंत्रांचे दोन स्विच उलट्या जोडणीने घेतले आहेत, म्हणजे यंत्रातून गोळा बाहेर असेल तरच ही वाट जुळते. त्यामुळे खिशातून दुसराच बेअरिंगचा गोळा काढून वाटीत टाकणाऱ्याची डाळ शिजत नाही.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नाही. सेक्शनला करंट मिळायला रिले उचललेला असला पाहिजे. उलटी जोडणी केली असती, म्हणजे रिले पडल्यावर करंट, तर एक तार कमी लागली असती. पण मग तार तुटली, सप्लाय गेला, डाग निघाला की लाइन आपोआप चालू. खऱ्या सिग्नल रिलेत आर्मेचर (ओढला जाणारा लोखंडी तुकडा) स्वतःच्या वजनाने पडतं आणि कॉन्टॅक्टला कार्बन वापरतात, म्हणजे ते एकमेकांना वितळून चिकटत नाहीत. माझे रिले साधे स्प्रिंगचे आहेत, पण पडलेला रिले म्हणजे धोका, हा नियम तोच.

गोळा परत टाकण्याची बाजू जास्त विचार करायला लावणारी निघाली. खऱ्या स्टेशनात गाडी पूर्ण आली की नाही हे माणूस डोळ्यांनी बघतो. शेवटच्या डब्यावरची फुली, एल.व्ही.ची (लास्ट व्हेइकल) पाटी, रात्री मागचा लाल दिवा. मधे कपलिंग सुटून चार डबे मागे राहिले असतील आणि गोळा परत टाकला, तर पुढची गाडी त्या डब्यांवर जाईल. म्हणून गार्डाच्या डब्याखाली बारीक चुंबक लावलाय आणि होम सिग्नलच्या (स्टेशनात शिरायच्या सिग्नलच्या) आतल्या बाजूला रीड स्विच, चुंबक जवळ आला की जुळणारा. गार्डाचा डबा त्यावरून गेला की एक लॅचिंग रिले (एकदा बसला की तसाच राहणारा) बसतो आणि यंत्राच्या तोंडावरची झडप उघडू देतो. इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकानेही रीड चालतो, त्यामुळे रीड रुळांच्या मधोमध न ठेवता बाहेरच्या बाजूला ठेवला आणि डब्यावरचा चुंबक त्याच कडेला सरकवला. गाडी मधूनच परत आणायची वेळ आली तर झडप उघडायला एक बटण आहे, कागदी पट्टीने सील केलेलं. फाडायचं तर रजिस्टरमध्ये कारण लिहायचं.

सिग्नल खालच्या दिशेने पडणाऱ्या हातांचे. हात पडला की गाडीला वाट. खऱ्या सिग्नलला वजन असं लावलेलं असतं की तार तुटली तर हात आपोआप आडवा होतो. माझे हात छोट्या सर्व्होवर (ठरलेल्या कोनापर्यंत फिरणाऱ्या मोटरवर) आहेत. सर्व्होची खोड अशी की वीज येताक्षणी एकदा दचकतो, आणि सगळे सिग्नल एकदम सलाम ठोकतात. म्हणून आधी कंट्रोल पल्स चालू होतात आणि अर्ध्या सेकंदाने रिले सर्व्होंना ५ व्होल्ट देतो. प्रत्येक सर्व्होशेजारी १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. तपासणीसाठी सर्व्हो मुद्दाम गाडीच्या सप्लायवर जोडून बघितले. इंजिन सांध्यावर अडकून शॉर्ट झालं की व्होल्टेज खाली जायचं आणि होमचा हात थरथरायचा. वेगळ्या सप्लायवर तेच शॉर्ट करून बघितलं, हात हललाही नाही. स्टार्टरच्या, म्हणजे गाडी सोडायच्या सिग्नलच्या, लीव्हरला विजेचं कुलूप आहे, गोळा वाटीत आल्याशिवाय तो ओढताच येत नाही.

दिव्यांकडे खास लक्ष दिलंय. रॉकेलची ज्योत पिवळी असते, म्हणून खऱ्या सिग्नलच्या चष्म्यातली ‘हिरवी’ काच प्रत्यक्षात निळसर असायची. पिवळा उजेड तिच्यातून गेला की हिरवा दिसतो. हिरवा एलईडी लावला तर रंग आजच्या चौकातल्या सिग्नलचा येतो. मी पिवळसर पांढरा एलईडी आणि पुढे निळसर-हिरव्या फिल्मचा तुकडा वापरलाय. १२ व्होल्टवर ६.८ किलोओहमचा रेझिस्टर, करंट सव्वा मिलिअँपिअरच्या आसपास. खोलीतला दिवा चालू असताना हे सिग्नल पेटलेत की नाही ते कळतही नाही. तसंच हवं.

राहिलेलं काम: मालधक्क्याच्या सांध्याला अजून नुसतं बटण आहे, तिथे टोकनशी बांधलेली किल्ली हवी. लूपला एखादं ट्रॅक सर्किट टाकायचा विचार आहे, पण धातूच्या चाकांच्या प्रत्येक आसावर १० किलोओहम बसवणं आलं, आणि माझे निम्मे डबे प्लॅस्टिकच्या चाकांचे आहेत. त्याआधी वाटीच्या पितळेचा प्रश्न सुटला पाहिजे. हाताच्या घामाने ते काळवंडतं आणि मग गोळा फिरवून बसवावा लागतो. वाटीच्या कडांना चांदीच्या कॉन्टॅक्टचे तुकडे डाग देऊन बघणार आहे, जुन्या रिलेतले काढून ठेवलेत. कुणी हे आधी केलं असेल तर डाग देताना ते तुकडे जागेवर कसे धरलेत, तेवढं सांगा.