५० वॅटमधनं इंडी
आमच्या बेळगावच्या कम्युनिटी रेडिओवर (म्हणजे गावातल्याच लोकांनी चालवलेलं छोटं स्टेशन) कालच्या इंडी गाण्यांच्या शोला सुरुवातच गायक रघु दीक्षितच्या गाण्यानं केली, संत शिशुनाळ शरीफांचं कन्नड पद. गाणं संपायच्या आत अनगोळहून एका काकांचा फोन, "हे तर आमच्याकडं भजनात म्हणतात की रे, ह्यात गिटार कुठनं आली?" म्हटलं काका, हेच इंडी! (खरंतर इंडी म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीच्या नादी न लागता केलेलं, पण फोनवर कोण एवढं सांगत बसणार.) मग दिल्लीचा बँड, पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, त्यांचा २०२४ चा अल्बम माझ्या डोक्यातनं जाईनाच झालाय, एक लावायचं ठरवून दोन लावली.

आमचा ट्रान्समीटर ५० वॅटचा, १०-१५ किलोमीटरच्या पुढं नुसती खरखर, त्यामुळं खानापूरची मावशी रुसलीय. नियमानं निम्मा तरी कार्यक्रम इथलाच पाहिजे, पण मला नियम नसता तरी शहापूरच्या त्या दोन पोरांचं गाणं लावायचंच होतं, अर्धं मराठी अर्धं कन्नड, मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं आणि मधेच कुकरची शिट्टी. ती काढू नका म्हटलं, भारी बसलीय.

पुढच्या वेळी गाणी पेन ड्राइव्हवर आणा बाबांनो, व्हॉट्सअ‍ॅपवरनं आवाज पार चेपून येतोय.