शोरूमचं 'प्रोटेक्शन पॅकेज': काय घ्यावं, काय सोडावं

नव्या गाडीच्या डिलिव्हरीच्या आधी सेल्समन एक कागद पुढे सरकवतो: अंडरबॉडी कोटिंग (गाडीच्या तळाला गंजरोधक थर), टेफ्लॉन, सिरॅमिक, सगळं मिळून एकच आकडा. आधी प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहून मागा. निम्मं पॅकेज तिथेच गळतं.

अंडरबॉडी कोटिंगचंच बघा. आजकाल गाडीचा सांगाडा कारखान्यातच ईडी प्रायमरच्या (विजेच्या साह्याने बसणाऱ्या गंजरोधक थराच्या) टाकीत बुडवून निघतो, खालच्या जोडांवर पीव्हीसीचा थरही असतो. त्यावर डांबरी थर घाईघाईत फवारला, की दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पोकळ पट्टीच्या) तळाची पाणी निचरायची भोकं बुजतात. पाणी आत साठतं आणि गंज आतून लागतो. थराला तडा गेला तर ओला चिखल त्यामागे अडकतो, वरून काही दिसतही नाही. गाडी रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहणार असेल तर पोकळ भागांत मेणाचा फवारा करून घ्या. त्याचा उपयोग होतो. पुण्या-नाशिकला पावसाळ्यानंतर खालून पाण्याचा जोरदार मारा पुरतो.

टेफ्लॉन म्हणजे काही महिन्यांत धुऊन जाणारं पॉलिश. सिरॅमिकने चकाकी टिकते, गाडी धुणं सोपं होतं. पण तो थर जेमतेम काही मायक्रॉनचा, खडी उडाली की टवका उडणारच. त्यासाठी १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म लागते. बजेट कमी असेल तर फक्त बंपर, बॉनेटची पुढची कड आणि आरसे झाका, तेही बाहेरच्या चांगल्या डिटेलरकडून, म्हणजे गाडीच्या पॉलिश-कोटिंगचं काम करणाऱ्याकडून.

एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र घ्यावी, ऑटोमॅटिक किंवा टर्बो असेल तर नक्कीच. फक्त ती खुद्द कंपनीची आहे ना, हे बघा.