गोठ्यातली मॅटॅडोर

गाडीचा रंग घरच्या घरी, गोठ्यातच मारायचा असं मी जाहीर केलं तेव्हा काकी एवढंच म्हणाली, "म्हशी हुत्या तवा गोठ्याला येवढी शोभा कुणी केली न्हाय." म्हशी जाऊन पाच वर्षं झाली होती. दावणीच्या जागी आता आमची मॅटॅडोर चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. दारं, काचा, सीट, बंपर, दिवे सगळं उतरवलेलं. गळ्याभोवती फडकं बांधून दाढीला बसलेला माणूस दिसतो ना, तशी अवघडलेली दिसायची.

गाडी 1974ची, मागे उघडा हौदा असलेली. माझे चुलते, अण्णा, यांनी ती तीसेक वर्षं चालवली. कराडहून पुण्याला गूळ, भाजी, सीझनला हळद, आणि परतीला जे मिळेल ते. पुढे ती चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिन आणि ब्रेकचं काम कराडातल्या मेस्त्रीनं केलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच की पैसे गेले आणि गाडी सुरू झाली. खरी गंमत त्यानंतर, रंगाला हात घातल्यावर आली.

आपण 'टेम्पो' हा शब्द इतका घरचा करून टाकला आहे की तो मुळात हँबर्गच्या एका कारखान्याचं नाव आहे हे सांगितलं तर लोकांना थाप वाटते. व्हिडाल अँड सन ही ती जर्मन कंपनी, टेम्पो हा तिचा छाप. तिच्याशी हातमिळवणी करून 1958 मध्ये फिरोदियांनी बजाज टेम्पो उभी केली, आधी तीनचाकी हॅन्सिएट आणली आणि 1969 मध्ये मॅटॅडोर. आकुर्डीला बनणाऱ्या या गाडीची ओढ पुढच्या चाकांना होती. मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा नाही, त्यामुळे हौदा ठेंगणा. अण्णा आजही गाडीचे गुण सांगायला बसले की आधी हेच सांगतात: "पोतं गुडघ्याला लावायचं आन् सारायचं. उचलायचं न्हाय." इंजिन मात्र ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधोमध, झाकणाखाली. डिसेंबरात पहाटे त्या झाकणावर बसायला भांडणं व्हायची, आणि मे महिन्यात तिथे कोणाला बसवायचं यावर पुन्हा व्हायची.

आता रंग. मला वाटत होतं, रंग मारणं म्हणजे रंग मारणं. कराडातले एक निवृत्त पेंटर सल्ल्यासाठी येऊन बसायचे, त्यांनी पहिल्याच दिवशी रंग फवारायच्या कंप्रेसरकडे बघितलं आणि विचारलं, "हे एवढ्यात कशाला आणलं?" पुढचे चार महिने तो कंप्रेसर कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसला. त्या चार महिन्यांत मी शनिवार-रविवार पुण्याहून यायचो आणि घासायचो. एवढंच.

घासताना रंगांचे पापुद्रे निघत होते. वर पांढरा, खाली पिवळा, त्याखाली आणखी काहीतरी. कंपनीतून आली तेव्हा गाडीचा रंग कोणता होता यावर घरात दोन पक्ष पडले. अण्णा म्हणाले, क्रीम. काकी म्हणाली, फिकट निळा. अण्णांचा दावा असा की गाडी त्यांनी चालवली. काकीचा असा की लग्न होऊन ती याच गाडीतून या घरात आली आणि साडी कशावर मळणार याचा अंदाज बाई विसरत नाही. आरसी बुक काढलं तर नेमक्या त्या पानाला वाळवीनं भोक पाडलेलं. शेवटी पेंटरांनी निवाडा केला. ते म्हणाले, गाडीचा खरा रंग बघायचा तर जिथं नंतरच्या पेंटरचा हात पोचत नाही तिथं बघावं. दाराचं जुनं, कडक झालेलं रबर उपटलं, त्याखाली बोटभर रुंदीची पट्टी होती, स्वच्छ फिकट निळी. काकी काही बोलली नाही. फक्त त्या दिवशी अण्णांना चहा जरा उशिरा मिळाला.

गंजाबद्दल एक गोष्ट कळली की तो वरून दिसतो तेवढा कधीच नसतो. फुगलेल्या रंगावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं की आत जायचं, आणि रुपयाएवढा वाटलेला डाग ताटाएवढा निघायचा. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. जिथं नुसती तांबूस साय होती तिथं फॉस्फरिक ॲसिड लावलं. ते गंजाचं काळपट फॉस्फेट करतं, मग त्यावर प्रायमर पकडतो. हे सगळं केलं आणि लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरायला घेतली.

लांबी हा मोहाचा पदार्थ आहे. चपट्या पत्तीनं थापत गेलं की खड्डा बुजतो, आणि आपण मोठे कारागीर आहोत असं वाटायला लागतं. मी मडगार्डवर चांगला बोटभर थर दिला. पेंटरांनी नखानं टकटक केली, आवाज भद्द आला. "लांबी पत्र्याची चूक झाकायला नसती," ते म्हणाले, "पत्रा ठोकून जागेवर आणायचा, मग कागदाएवढा हात द्यायचा." जाड थर पत्र्याबरोबर तापत नाही, आकसत नाही, धक्क्यानं तडकतो आणि मग त्या फटीतून पाणी आत शिरून खाली निवांत गंज पिकवतं. सगळी काढली. पुन्हा ठोकाठोकी, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेऐंशी, मग प्रायमरवर तीनशेवीस, आणि रंगाच्या आधी सहाशेचा वॉटर पेपर पाण्यातून. माझ्या बोटांचे ठसे इतके झिजले की ऑफिसच्या दारातलं यंत्र मला ओळखेना.

एक युक्ती मात्र अशी आहे की ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मी अवाक झालो. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारायचा, तोंडावर पाणी शिंपडल्यासारखा. मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून सपाट घासायचं. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो, खळगीतला तसाच राहतो. डोळ्याला आणि हाताला गुळगुळीत वाटलेलं दार अचानक देवी येऊन गेल्यासारखं दिसायला लागतं. मला ती युक्ती आवडली आणि तिचा रागही आला. आधीच्या आठवड्याला मी त्याच दाराचा फोटो घरच्या ग्रुपवर पाठवून शाबासकी घेतली होती.

रंग कोणता, म्हणजे कोणत्या जातीचा, हाही प्रश्नच होता. हल्ली गाड्यांना पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, मारतात. त्याची चकाकी आणि टिकाऊपणा वादातीत, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून छातीत गेलं तर दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याच्यापुढे काहीच नाही. गोठा घराला चिकटून. पीयू बाद. साधा सिंथेटिक इनॅमल तासन्तास ओला राहतो, म्हणजे गावातल्या सगळ्या धुळीला आमंत्रण. उरला एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला सुतारमंडळी अजून ड्यूको म्हणतात. ड्यूको हे अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीच्या रंगाचं नाव. तो 1923 साली आला. त्याआधी मोटारीला वॉर्निशचे थर देऊन ते वाळायला आठवडेच्या आठवडे जायचे. ड्यूकोनं ते काम तासांवर आणलं, आणि 1924च्या ओकलंड गाड्या त्यात रंगून बाजारात आल्या. त्यांचा रंग निळा होता! हे काकीला सांगितलं तर म्हणाली, "बघ, त्येंस्नी पण कळतंय."

एनसीचा मोठा गुण असा की तो माणसाला माफ करतो. चुकलं तर दहा मिनिटांत वाळतो, घासा आणि पुन्हा मारा. नवा थर जुन्याला किंचित विरघळवून त्यात मिसळून जातो. दोष म्हणजे त्याला दमट हवा चालत नाही, आणि मी मुहूर्त साधला श्रावणातला. पहिला हात फार सुंदर बसला. मी चहाला गेलो, परत येऊन बघतो तर निळ्यावर दुधाची साय. थिनर इतक्या झपाट्यानं उडून जातो की पत्र्याचा पृष्ठभाग थंड पडतो, आणि हवेतली वाफ गार तांब्यावर जमते तशी ओल्या रंगावर जमून आत अडकते. कृष्णा-कोयनेच्या संगमापासून चार कोसांवर बसून श्रावणात मी कोरडी हवा शोधत होतो. पेंटर म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." ते आधी का बोलले नाहीत असं विचारलं तर म्हणाले, "तुमची लय घाई हुती."

दिवाळीनंतर गोठ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद लावला, पॉलीहाऊसवाल्या शेजाऱ्याकडचा उरलेला. उडती धूळ बसवायला जमीन ओली करायची असते. बादली-मग घेऊन मी पाणी ओतत होतो, काकीनं मग काढून घेतला आणि हातानं असा सडा टाकला की एक थेंब गाडीवर उडाला नाही आणि जमिनीचा एक कोपरा कोरडा राहिला नाही. पन्नास वर्षांचा हात. फक्त थिनरच्या वासानं दुधाचा चहा बिघडतो ही तिची तक्रार शेवटपर्यंत राहिली.

फवाऱ्याची गन धरायची ती वीतभरापेक्षा जरा कमी अंतरावर. जवळ गेलं की ओघळ, लांब गेलं की रंग वाटेतच वाळून संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत बसतो. हात पंख्यासारखा फिरवायचा नाही, खांद्यापासून सरळ न्यायचा, पत्र्याच्या अलीकडे सुरू आणि पलीकडे बंद. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याला निम्मा झाकून. हे वाचायला सोपं आहे. पहिल्या दारावर मला तीन ओघळ आले आणि तिन्ही बघणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर.

दुसऱ्या दारावर त्याहून चमत्कारिक प्रकार. रंग बसला, आणि बघता बघता मध्यभागी बारीक बारीक वाटोळ्या खळग्या उमटल्या. खळग्यांचे पाच पुंजके, आणि खाली एक मोठा. आम्ही दोघं बघतच राहिलो. तो पंजा होता. तेलकट डागावर रंग थांबत नाही, मागे सरकतो. थिनरनं दार पुसून मी मास्क लावायला गेलो तेवढ्यात अण्णा आत येऊन गेले होते, अंगाला खोबरेल लावून नुकते उन्हातून उठलेले. गाडीजवळून जाताना दारावर थाप मारायची ही त्यांची जुनी सवय. रोज निघताना मारायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "म्या हातबी लावला न्हाय." पुरावा निळ्या रंगात समोर होता. त्यांची खाट अंगणात हलवण्यात आली आणि गोठ्याच्या दाराला आतून कडी बसली.

एकूण पाच हात दिले. मग दीड हजार आणि दोन हजारचा पेपर पाण्यातून, मग पॉलिश. हौद्याला मात्र मी हे लाड केले नाहीत. तिथं जाड, बिनचमकीचा इनॅमल ब्रशनं मारला. पोती सारायच्या जागी आरसा करून ठेवला तर उद्या त्यात पोतं टाकायला कोण धजेल? यावर पेंटर नाराज आहेत. मी माझ्या मतावर ठाम आहे.

मागच्या फळीवर काय लिहायचं हा वाद थोडक्यात आटपला. अण्णांना पूर्वीसारखं 'हॉर्न ओके प्लीज' हवं होतं. त्यानं विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून सरकारनं 2015 मध्ये महाराष्ट्रात ते लिहायला बंदी घातली, हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता वाजवत न्हाईत व्हय?" जागा सध्या कोरी आहे. कागदांचंही तसंच. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना 2021 पासून 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नोंदणीला वीस हजार रुपये, आणि तो मिळाला की गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. आमची तर मालवाहू. तो गुंता सोडवायला वेगळ्या सुट्ट्या लागतील. अण्णांना नियम एवढाच कळला: "म्हंजे पेन्शन. पर कामाला जायचं न्हाय."

परवा गाडी अंगणात ओढून काढली. सकाळच्या उन्हात तिच्या दारात चिंचेची फांदी दिसत होती. काकीनं बोट न लावता, पदर सावरून, एक फेरी मारली आणि डाव्या दाराशी थांबली. "ह्ये काय रं?"

हँडलच्या खाली, शेवटच्या दोन थरांच्या मध्ये, एक चिलट बसलं होतं. पंख पसरलेले, पाय जागच्या जागी. इतकं प्लॅस्टिक, इतका सडा, दाराला कडी, आणि तरी ते आत आलं होतं. पेंटर म्हणाले, दीड हजारचा पेपर आणा, पाच मिनिटांचं काम आहे, वरून एक हात देऊ. मी पेपर आणला, पाण्यात भिजवला, ठोकळ्याला गुंडाळला.

अण्णा खाटेवरून उठून आले. या वेळी दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. चष्मा कपाळावर चढवून ते दाराला नाक लागेल इतके वाकले.

"बसलंय न्हवं?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ दे. अर्ध्या वाटंत उतरवत न्हाईत कुणाला."